होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९, मृत्यू : माँ ब्लाँ, फ्रान्स, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक होते. मुंबई उपनगरातील ट्रॉम्बे (जुने नाव तुर्भे) येथील अणुसंशोधन केंद्राची उभारणी त्यांनी केली. सांताक्रूझ विमानतळावरून निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाला आल्प्स पर्वतात झालेल्या अपघातात वयाच्या ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हे विमान कोसळण्यामागे वादळ नव्हते. आपण कोठे आहोत याविषयी वैमानिकाची झालेली चुकीची समजूत आणि ती दुरुस्त करू न शकलेला एक संदेश, हे त्या अपघाताचे कारण चौकशीत पुढे आले. अपेक्षेमुळे वैमानिकाकडून होणाऱ्या चुकीचे उदाहरण म्हणूनही हा अपघात अभ्यासण्याजोगा आहे.

कुटुंब आणि शिक्षण

भाभांचा जन्म सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे कायद्याचे पदवीधर होते; आजोबा होर्मसजी हे म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख अधिकारी होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी, त्यामुळे टाटा घराण्याशी निकटचे नाते होते. घरात पुस्तकांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह होता. चित्रकलेची आणि संगीताची आवड भाभांना तेथूनच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून १९२७ साली ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकून परत यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची व दोराबजींची अपेक्षा होती. केंब्रिजमध्ये पोहोचल्यावर वर्षभरातच भाभांनी वडिलांना पत्र लिहून आपला ओढा भौतिकशास्त्राकडे असल्याचे स्पष्ट कळवले. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणितासाठी आणखी दोन वर्षे केंब्रिजमध्ये राहू देऊ, असे वडिलांनी मान्य केले. १९३० साली भाभांनी ती अट पुरी केली, १९३२ साली गणिताची परीक्षाही प्रथम वर्गात दिली आणि १९३५ साली डॉक्टरेट मिळवली. भारताला एक अभियंता कमी मिळाला असे म्हणावे, तर पुढे अणुभट्टी उभारताना हेच अभियांत्रिकीचे शिक्षण कामी आले.

केंब्रिजमधील संशोधन

१९३० च्या दशकातील केंब्रिज हे नव्या भौतिकशास्त्राचे माहेरघर होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा त्याची शक्यता किती, याचे गणित भाभांनी मांडले. ही प्रक्रिया आज भाभा विकिरण या नावाने ओळखली जाते. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. अंतराळातून आलेला एक वेगवान कण वातावरणात शिरल्यावर एकापासून दोन, दोनापासून चार असे कण कसे निर्माण होत जातात, याचे स्पष्टीकरण त्यात होते. त्या काळी मेसोट्रॉन म्हटल्या जाणाऱ्या कणासाठी मेसॉन हे सुटसुटीत नाव सुचवणाऱ्यांतही भाभा होते.

बंगळूर ते मुंबई

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते प्रपाठक म्हणून रुजू झाले. १९४१ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि पुढच्या वर्षी ॲडम्स पारितोषिक. युद्ध संपल्यावर इंग्लंडला परतण्याचा विचार त्यांनी सोडून दिला.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था असावी, असा प्रस्ताव ठेवला. अणुशक्ती प्रत्यक्ष वापरात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, हा त्यातील मुद्दा होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या सुमारे दीड वर्ष आधीचे हे पत्र आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यामागच्या दृष्टीची कल्पना येते. जून १९४५ मध्ये बंगळूर येथे टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात हलली. भाभांचा जन्म याच बंगल्यात झाला होता असे सांगितले जाते. संस्थेची कुलाब्याच्या टोकाला असलेली आजची वास्तू जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते खुली झाली. तिच्या भिंतींसाठी भाभांनी भारतीय चित्रकारांची चित्रे निवडून घेतली, एम. एफ. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्रही त्यांत आहे.

ट्रॉम्बे

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली पंतप्रधानांच्या अखत्यारीत स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण झाला व त्याचे सचिवपदही त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

प्रयोगशाळेसाठी त्यांनी ट्रॉम्बेची जागा निवडली. चेंबूर-मानखुर्दच्या पलीकडे डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये असलेला हा भाग तेव्हा शहराच्या सीमेवरचा होता. एका बाजूला डोंगराचा आडोसा, दुसऱ्या बाजूला अणुभट्टीच्या थंडाव्यासाठी लागणारे खाडीचे पाणी आणि शहर इतके जवळ की शास्त्रज्ञांना ये-जा करता यावी. येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ही पहिली अणुभट्टी. तिचा आराखडा आणि बांधणी भारतीय अभियंत्यांची होती, इंधन ब्रिटनमधून आले होते. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली सायरस भट्टी जुलै १९६० मध्ये आणि झर्लिना जानेवारी १९६१ मध्ये कार्यान्वित झाली. भारतात युरेनियम थोडे आणि थोरियम विपुल, हे ध्यानात घेऊन भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम, दुसऱ्यात त्यातून मिळणारे प्लुटोनियम आणि तिसऱ्यात थोरियम, असा हा क्रम आजही देशाच्या अणुधोरणाचा कणा आहे. आवारातील झाडे तोडण्याऐवजी शक्य तेथे ती मुळासकट दुसरीकडे लावण्याचा आग्रह ते धरत.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिचे अध्यक्षपद भाभांना मिळाले. हायड्रोजनच्या संमीलनातून ऊर्जा मिळवण्याचा नियंत्रित मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले होते. ते खरे ठरले नाही. जिनिव्हाला त्यानंतर त्यांचे अनेकदा जाणे झाले. १९६६ सालचा शेवटचा प्रवासही त्याच शहराकडे होता.

शेवटचा प्रवास

१९६६ चा जानेवारी महिना देशासाठी अस्थिर होता. ११ जानेवारीला ताश्कंद येथे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले. नव्या पंतप्रधान म्हणून इंदिरा गांधी २४ जानेवारीला शपथ घेणार होत्या. त्याच सुमारास व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीची बैठक होती आणि तिच्यासाठी भाभा जिनिव्हामार्गे निघाले होते.

एअर इंडियाचे उड्डाण क्रमांक १०१ हे मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा, पॅरिस व लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणारे विमान होते. बोइंग ७०७ जातीच्या या विमानाचे नाव कांचनजंगा होते. त्यात १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी होते. परदेशी बंदरात जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले खलाशीही प्रवाशांत होते. बैरुत सोडताना विमानातील दोन दिशादर्शक रेडिओ ग्राहकांपैकी एक नादुरुस्त होता.

२४ जानेवारीच्या सकाळी विमान इटलीच्या बाजूने आल्प्सजवळ आले आणि जिनिव्हाला उतरण्याची तयारी सुरू झाली. वाटेत माँ ब्लाँ हे सुमारे ४,८०८ मीटर उंचीचे शिखर होते. नियंत्रकाने विमानाला १९,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ५,८०० मीटरवर राहण्यास सांगितले होते. ढगांच्या माथ्यापासून हजार फूट अंतर राखून, बाहेरचे स्पष्ट दिसत असेल तरच त्याखाली उतरण्याची मुभा होती. वैमानिकाने आपण माँ ब्लाँच्या बाजूने जात असल्याचे कळवले. प्रत्यक्षात शिखर अजून पुढे होते. रडारवर पाहणाऱ्या नियंत्रकाला ही चूक दिसली आणि त्याने माँ ब्लाँपर्यंतचे अंतर पाच मैल असल्याचे सांगितले. वैमानिकाने संदेश पोहोचल्याची नेहमीची पोच दिली. हवाई भाषेत हे मैल सागरी असतात, म्हणजे ते अंतर सुमारे नऊ किलोमीटरचे; जेट विमानाला ते तोडायला मिनिटभर पुरते. विमान खाली येत राहिले आणि सकाळी आठच्या सुमारास सुमारे ४,७५० मीटर उंचीवर, माथ्यापासून थोडेसेच खाली, डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले.

चौकशी

अपघात फ्रान्सच्या हद्दीत झाल्याने चौकशी फ्रेंच आयोगाने केली. १९६७ साली निघालेल्या निष्कर्षानुसार वैमानिकाने आपले स्थान अदमासाने ठरवले होते. नियंत्रकाने ते चुकीचे असल्याचे ओळखून खरे स्थान कळवले, परंतु शब्दयोजना पुरेशी नेमकी नसल्याने दुरुस्तीचा अर्थ वैमानिकाच्या ध्यानात आला नाही. शिखराकडे जाणारी डोंगरधार आपण ओलांडली आहे आणि आपली उंची सुरक्षित आहे, या समजुतीने त्याने उतरणे चालू ठेवले.

येथे नादुरुस्त ग्राहकाचा संबंध समजून घेणे आवश्यक आहे. जमिनीवरील एका रेडिओ केंद्राकडून फक्त दिशा कळते. दोन केंद्रांकडच्या दिशा एकाच वेळी घेतल्या की त्या रेषा जेथे छेदतात ते विमानाचे स्थान. ग्राहक एकच असेल तर आधी एक केंद्र, मग दुसरे, असे आळीपाळीने ऐकावे लागते आणि तेवढ्यात विमान बरेच पुढे गेलेले असते. अशा वेळी उरलेली जागा अंदाज भरून काढतो. त्या वाटेने वारंवार उड्डाण केलेल्या माणसाचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरही निघतो, आणि म्हणूनच तो चुकतो तेव्हा त्याच्याविषयी शंका येत नाही.

पाच मैल या संदेशाचेही तसेच झाले. मराठीतही एखादे गाव पाच मैलांवर आहे असे म्हटले, तर ते पुढे आहे, मागे राहिले की बाजूला, हे केवळ तेवढ्या शब्दांतून कळत नाही. ऐकणारा आपल्या मनातल्या वाटेप्रमाणे अर्थ लावतो. नियंत्रकाच्या पुढ्यात रडारचा पडदा असल्याने त्याच्या दृष्टीने आकडा निःसंदिग्ध होता. वैमानिकाच्या मनात शिखर जवळजवळ मागे पडलेले होते. समुद्रसपाटीपासूनची उंची, अंतर, दिशा यांतले काहीच त्याच्यापासून लपवलेले नव्हते, पण मिळालेला आकडा आधीच्या समजुतीला धक्का न देता तिच्यात सामावून गेला. संदेश मिळाला, एवढेच सांगणारी पोच ही उणीव उघड करू शकली नाही. आपल्याला काय समजले ते वैमानिकाने उलट म्हणून दाखवले असते, तर नियंत्रकाला चूक पकडण्याची आणखी एक संधी मिळाली असती.

अशाच स्वरूपाचे अन्य अपघात

विमानवाहतुकीच्या अभ्यासात या प्रवृत्तीला अपेक्षाजन्य पूर्वग्रह म्हणतात. जे दिसेल किंवा ऐकू येईल असे मनाने धरलेले असते, तेच डोळा पाहतो आणि कान ऐकतो. यात निष्काळजीपणा असतोच असे नाही. थकवा, घाई आणि नेहमीची वाट यांमुळे तो अधिक संभवतो.

महाराष्ट्राने याची मोठी किंमत माँ ब्लाँच्या आधीच मोजली होती. ७ जुलै १९६२ च्या रात्री सिडनीहून निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकनंतर मुंबईकडे येत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण ठार झाले. विमानतळ वास्तविक होता त्यापेक्षा जवळ आल्याचे समजून वैमानिकाने उतरणे लवकर सुरू केले होते. भर पावसाळ्यात, अंधारात सह्याद्रीचा डोंगर दिसण्याची शक्यताच नव्हती.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत हाच प्रकार कमी भीषण रूपात घडला. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला सांताक्रूझच्या आधी जुहूची धावपट्टी लागते आणि दोहोंची दिशा जवळपास सारखी आहे. सव्वा किलोमीटरही लांब नसलेली जुहूची धावपट्टी मोठ्या जेट विमानासाठी मुळीच योग्य नाही. तरीही १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. कॉमेट काही दिवसांनी तेथूनच उडवून नेण्यात आले. जपानी विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि निकामी झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. अपेक्षित ठिकाणी अपेक्षित आकाराची धावपट्टी दिसली की ती आपलीच आहे का, हे पुन्हा तपासण्याची गरज भासत नाही.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर उड्डाणाची परवानगी मिळाली असे गृहीत धरून एका विमानाने धाव घेतली आणि धावपट्टीवर असलेल्या दुसऱ्या विमानाला धडक दिली. ५८३ जणांचा बळी घेणाऱ्या या अपघातानंतर हवाई संभाषणाची ठरावीक भाषा अधिक काटेकोर करण्यात आली आणि महत्त्वाच्या सूचना वैमानिकाने उलट म्हणून दाखवण्यावर भर देण्यात आला.

घातपाताचा संशय

भाभांच्या मृत्यूमागे परकीय गुप्तहेर संघटनेचा हात असावा, हा समज भारतात दीर्घकाळ टिकून आहे. त्याला अनुकूल परिस्थिती होती हे मान्य करावे लागेल. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केल्यानंतर भारतानेही बॉम्ब बनवावा का, हा वाद देशात पेटला होता आणि अणुबॉम्बच्या खर्चाचे आकडे खुद्द भाभांनी आकाशवाणीवरील भाषणात मांडले होते. त्यात शास्त्रीजींपाठोपाठ तेरा दिवसांत हा मृत्यू. मात्र घातपाताचा पुरावा चौकशीत आढळला नाही आणि नंतर प्रसिद्ध झालेल्या तथाकथित कबुल्यांना स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही. शिवाय ३ नोव्हेंबर १९५० रोजी मलबार प्रिन्सेस हे एअर इंडियाचेच विमान मुंबईहून जिनिव्हाला जाताना माँ ब्लाँवर जवळपास त्याच जागी आदळले होते आणि त्यातील ४८ जण मरण पावले होते. त्या विमानात कोणी अणुशास्त्रज्ञ नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाच्या मृत्यूचे कारणही मोठेच असले पाहिजे, असे मन धरून चालते. पाच मैलांच्या एका संदेशावर ते सहजी समाधान मानत नाही.

मृत्यूनंतर

भाभा अविवाहित होते. त्यांचे धाकटे बंधू जमशेद भाभा यांनी पुढे नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद १९६६ मध्येच विक्रम साराभाई यांच्याकडे गेले, तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेची धुरा एम. जी. के. मेनन यांनी सांभाळली. ट्रॉम्बेच्या केंद्राला १९६७ साली भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शालेय विज्ञानशिक्षणाचे काम करते. वांद्रे आणि कुर्ला येथील महापालिकेच्या भाभा रुग्णालयांशी मात्र त्यांचा संबंध नाही; भाभा हे नाव वाचून उपनगरातील अनेकांचा तसा समज होतो इतकेच.

विमानाचे बहुतेक अवशेष बर्फाखाली गेले. माँ ब्लाँवरून शामोनीच्या खोऱ्याकडे सरकणारी बोसाँ हिमनदी ते हळूहळू खाली आणून सोडत आहे. २०१२ साली भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची एक पिशवी सापडली. २०१३ साली एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम व माणिक असलेली पेटी मिळाली. तिचा मालक न सापडल्याने २०२१ साली ही रत्ने तो गिर्यारोहक आणि शामोनी नगरपालिका यांच्यात वाटण्यात आली. २०२० च्या उन्हाळ्यात भारतीय वर्तमानपत्रांचे काही अंक वर आले. ओलसर झालेल्या त्या पानांवर इंदिरा गांधी यांची पंतप्रधानपदासाठी निवड झाल्याची बातमी वाचता येत होती.